मासोळ्या दिल्लीला पोचल्या

दिल्लीकडं अकरा दिवस राहून आलो आणि लाल किल्ला बघितला नाही, असं सांगितलं की लोक माझ्याकडं खुळ्यागत बघतात. कुतुबमिनारही बघितला नाही. वाचनालयाच्या अंकासाठी प्रवासाचं लिहून द्या म्हणून मास्तर मागं लागले, तेव्हा त्यांना हे आधीच सांगितलं. ते म्हणाले, जे बघितलं ते लिहा. मी चौथी शिकलेला. जन्मभर हातात लेखणीपेक्षा सांडशी जास्त राहिली. शुद्धलेखन मास्तरांनी बघावं, पण मजकूर काढू नये, असं त्यांना बजावलंय.

जायचं कारण म्हणजे नातीचं प्रदर्शन. माझी मुलगी मंगल नोएडाला असते. तिची ऋतुजा तिथल्या एका डिझाइनच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी प्रत्येकानं दागिने आणि जेवणाची भांडी करून दाखवायची. ती भारीतल्या लोकांच्या घरात शोभली पाहिजेत, आणि कल्पना आशियातल्या रीतिरिवाजातून घेतलेली पाहिजे. त्यावर पास-नापास. फोनवर म्हणाली, "आबा, तुम्ही चांदीचे एवढे मोठे कारागीर, आणि माझ्या शोला नाही येणार? असं नाही चालणार. बिल्कुल नाही."

दुसरं कारण बंडीच्या आतल्या खिशात होतं. दोन मासोळ्या. आता आपल्या चांदीच्या गावात, हुपरीतल्या पोरींनाही हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. लग्न झालेल्या बाईच्या पायात जोडव्यांच्या पलीकडच्या बोटात चांदीची कडी असते आणि कडीवर मासा असतो, ती मासोळी. या माझ्या बायकोच्या, हौसाच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मीच केल्या होत्या. हात कच्चा होता, एका माशाचं शेपूट वाकडं झालंय. ती मागल्या आषाढात गेली. जाण्याच्या चार दिवस आधी दवाखान्यातून नातीशी फोनवर बोलली, "माझ्या मासोळ्या तुला गं." मी शेजारी बसलो होतो, कानानं ऐकलं.

बायकांनी तिला न्हाऊमाखू घालून, हिरवं नेसवून, मासोळ्या पायात ठेवूनच पाठवलं. सवाष्ण बाई भरल्या पायानं जाते. स्मशानात बायका येत नाहीत. तिथं मी त्या काढल्या. नातीला द्यायच्या म्हणून काढल्या, आणि घरी येऊन मंगलला सांगितलं, गल्लीतल्या बायकांनाही सांगितलं, की गेल्या तिच्याबरोबर. का सांगितलं? एकदा दाखवल्या असत्या तर द्याव्या लागल्या असत्या. सात महिने खिशात घेऊन फिरलो. चांदी अंगाच्या उबेनं कोमट राहते. ते सोसवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं.

दिल्लीला जायचं, नातीच्या हातात ठेवायच्या आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून गाडीत बसलो. पण माझं मन मला ठाऊक आहे. मिरजेला ठरलेलं मथुरेपर्यंत टिकलं नाही.

नोएडा

निजामुद्दीनला जावई दिलीपराव न्यायला आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता गुडगावला एका मोठ्या इमारतीच्या पहाऱ्यावर मुख्य आहेत. "मामा, पिशवी इकडं द्या," म्हणाले. मी दिली. बंडी दिली नाही.

यमुना ओलांडली. नदीचं पाणी गुऱ्हाळातल्या काकवीसारखं काळं. काठाला फ्लॉवरची शेती, आणि त्या शेतीच्या डोक्यावरून मेट्रोचे खांब चाललेले. नोएडात वस्तीला नाव नसतं, आकडा असतो. सेक्टर अमुक, ब्लॉक अमुक. एकाला विचारलं, गावदेवी कोण तुमची? तो म्हणाला, "देवी? वो तो सेक्टर बारह में है."

मंगलचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, पण स्वच्छ. सुट्टीवरून परतणाऱ्या कुणा जवानाकडून तिनं ज्वारीचं पीठ मागवून ठेवलं होतं, माझ्यासाठी. भाकरी थापता थापता म्हणाली, "आबा, इथं लोक ज्वारी कबुतरांना घालतात."

"मग कबुतरं बरी असतील इथली," मी म्हणालो.

ती हसली. मग तव्याकडं बघत म्हणाली, "शेवटी शेवटी आईला भ्रम झाला होता, नाही? ऋतुजाशी काहीतरी माशांचं बोलत होती. माझ्याच्यानं ते विसरवत नाही. पण एक बरं झालं आबा. ती भरल्या पायानं गेली. माझी शेजारीण म्हणते, ऐसी किस्मत सबकी नहीं होती."

माशांचं काय, ते मला तेव्हा उमगलं नाही. पुढचं मात्र उमगलं. मी म्हणालो, "भाकरी वाढ."

पायाचं काम

दुसऱ्या दिवशी ऋतुजा पुढं गेली होती, मी मागनं रिक्षानं गेलो. कॉलेजच्या फाटकावर पहारेकऱ्यानं अडवलं. काय काम करता, म्हणून विचारलं. आता आपलं काम काय? पैंजण, वाळे, चाळ. मी छाती काढून सांगितलं, "हम पाय का काम करता है. चांदीवाला. पचास साल."

"पाये का काम? तो बाबा, यहाँ से नहीं. कैंटीन का गेट पीछे है."

मागच्या फाटकातून गेलो तर थेट मुदपाकखाना. तिथल्या आचाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "ठेकेदार ने भेजा? बैठो." आणि माझ्यापुढं कांद्यांची परात सरकवली. मला वाटलं, इथं पाहुण्याला आधी काम देत असतील. सहा कांदे चिरले. सातव्याला ऋतुजा धापा टाकत आली.

"आबा! काय करताय तुम्ही?"

"मला काय ठाऊक? तुझ्या कॉलेजची रीत."

आचारी म्हणाला, "मैडम, ये बोले पाये बनाते हैं." मग पोरगी जी हसायला लागली ती जमिनीवरच बसली. हिंदीत पाये म्हणजे बकऱ्याच्या खुरांचा रस्सा. पन्नास वर्षांच्या कारागिरीचा दोन शब्दांत रस्सा झाला.

कॉलेजची कार्यशाळा बघण्यासारखी. तारा ओढायचं यंत्र, विजेची भट्टी, सगळं लखलखीत. पण तिथं खरं काम कोण करतं? रईसभाई म्हणून मुरादाबादचा एक म्हातारा, पितळकाम करणारा. पोरं कागदावर काढतात, हा ते धातूत आणतो. त्याला मराठी येत नाही, मला हिंदी किती येते ते कांद्यांनी दाखवलंच. पण त्यानं फुंकणी उचलली आणि आम्ही एका आळीतले झालो. डाग देताना, म्हणजे सांधा जोडताना, आपण सवागी टाकतो, तो तिला सुहागा म्हणतो. पांढरी पूड तीच.

रईसभाईनं पोरांची कामं दाखवली. एकानं फुटलेल्या वाट्या सोन्याच्या रेघांनी सांधल्या होत्या, जपानची पद्धत. आपल्याकडं फुटकं भांडं घरात ठेवत नाहीत, तिकडं त्याला सोनं लावतात. मला ते खुळेपणाचं वाटलं, आणि मग बराच वेळ तिथंच उभा राहिलो. एका मुलीचे चमचे इतके जड की चार घास खाल्ले तर मनगट लचकावं. मी तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "अंकल, ये लग्ज़री है, वेट चाहिए." मी म्हणालो, वजन पायात बरं असतं, तोंडात नाही. रईसभाई खाली मान घालून हसला.

मग ऋतुजानं तिच्या कामावरचं फडकं काढलं.

सगळे मासे. एक मोठं ताट, त्याच्या काठावर चांदीचे आठ छोटे मासे बसवलेले. ते काढून घेता येत होते. जेवताना हातरुमाल गुंडाळून त्यात खोवायचा, एका माणसाला एक मासा. शिवाय माशांचा हार, माशांचे डूल. पोरगी मन लावून सांगत होती. चीनमध्ये माशांची जोडी म्हणजे बरकत. बंगालमध्ये नवरीच्या घरी मासा सजवून पाठवतात. थायलंडमध्ये ताडाच्या पानांचे मासे विणून पाळण्यावर टांगतात. "सगळ्या आशियात मासा शुभ असतो, आबा. पण आयडिया आजीची आहे."

"आजीची?"

"हॉस्पिटलमधून बोलली ना ती. म्हणाली, माझ्या मासोळ्या तुला. मग लाइन कट झाली. लहानपणी सुट्टीत नदीच्या घाटावर न्यायची ना मला, माशांना चुरमुरे टाकायला? मला कळलं. आजीने सगळे मासे मला दिले." तिचे डोळे भरून आले. "आईला नाही सांगितलं नीट. फक्त म्हटलं, आजी फिशबद्दल बोलत होती. आई इतकी रडली, मग मी परत विषयच नाही काढला. प्रोजेक्टचं नावसुद्धा तेच आहे. मासोळी. आईसाठी सरप्राइज."

काठावरचा एक मासा मी हातात घेतला. कडी, आणि कडीवर मासा. न बघता पोरीनं मासोळीच घडवली होती. फक्त बोटाच्या मानानं मोठी, आणि पायातली उचलून ताटात ठेवलेली.

दिल्लीत वाढलेल्या पोरीला मासोळी म्हणजे मासा एवढंच ठाऊक असणार. त्यात तिचा काय दोष? मी हौसाच्या बाराव्याला मासोळ्या तिच्या हातात ठेवल्या असत्या तर शब्द आणि वस्तू दोन्ही तिला मिळाली असती. खिशात माझ्या छातीला टोचत होत्या. आयुष्यात कुणाच्या तोंडावर बोलायला मी कचरलो नाही. त्या दिवशी कचरलो. म्हणालो, "या शेपटाचा डाग कच्चा आहे. आण इकडं." आणि दुपारपर्यंत डाग देत बसलो.

गुडगाव

रविवारी जावयांनी त्यांची इमारत दाखवायला नेलं. मोठमोठ्या इमारती काचेच्या, आणि त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत म्हशी. लोक दोन्हीकडं न बघता गाडीतनं जातात. दारावरच्या पहारेकऱ्यांनी जावयांना सलाम ठोकला.

"मामा, आधी सीमेवर उभा राहत होतो. आता काचेसमोर उभा राहतो. काचेतनं शत्रू येत नाही, पण झोपही येऊ देत नाही," ते म्हणाले.

मग एका मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यावर पाय टाकायला मला तीनदा माघार घ्यावी लागली. चौथ्यांदा मागच्या बाईनं "अंकल जी, चलो भी!" म्हणून ढकललं, आणि मी वर पोचलो.

वर भांड्यांचं दुकान होतं. ऋतुजासारखी पोरं जे शिकतात ते पुढं जातं कुठं, ते तिथं कळलं. बारा खुर्च्यांचं टेबल मांडलेलं, बारा ताटं, एकेका ताटाभोवती सात सात हत्यारं. जावई म्हणाले, त्यांच्या इमारतीतल्या साहेबांकडं असंच टेबल आहे, आणि साहेब त्याच्या एका कोपऱ्यावर एकटे डबा खातात.

टेबलामागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पैंजण होता. एकच. मखमलीवर खिळवलेला, डोळ्यांच्या उंचीला. मी जवळ गेलो. कडीत कडी अडकवायची पद्धत बघितली. तो आपल्याच भागातला. तार एका घरात ओढली असणार, कड्या दुसऱ्या घरात वळल्या असणार, घुंगरं तिसऱ्या घरातल्या बायकांनी ओवली असणार. कदाचित हौसानंही.

विकणारी पोरगी आली. "सर, ट्राइबल पीस है. डाइनिंग एरिया के लिए बहुत अच्छा लगता है."

"ये पाय का है," मी म्हणालो.

जावई कानात म्हणाले, "मामा, परत पाय नको."

पण मी बोललोच. पायातलं जेवणाच्या जागी टांगत नाहीत. आणि पैंजण जोडीनं असतो, दुसरा कुठाय? ती पोरगी घाबरून म्हणाली, "दूसरा तो आया ही नहीं, सर."

बाहेर रस्त्याकडंला एक माणूस निखाऱ्यावर रताळी भाजून, लिंबू-मसाला लावून विकत होता. त्याला ते शकरकंदी म्हणतात. आपल्याकडं रताळं म्हणजे उपासाचं, तिकडं ते चटकदार करून रस्त्यात उभ्यानं खातात. अकरा दिवसांत सगळ्यात चांगलं खाल्लं ते हेच. खाताना डोळ्यापुढं तो पैंजण होता. राग त्या दुकानदाराचा आला होता. पण रताळं संपेपर्यंत मला कळलं, की त्यानं निदान चारचौघांना दिसेल असा टांगलाय. मी तर खिशात बुजवून ठेवलंय. पाय नसलेली पायातली वस्तू. त्याच्यात आणि माझ्यात वाईट कोण?

सुहागा

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले होते. कार्यशाळेत ऋतुजा माशांना उजाळा देत बसली होती, पलीकडं रईसभाई. मी तिच्यासमोर बसलो आणि दोन्ही मासोळ्या काढून फडक्यावर ठेवल्या.

"हे काय, आबा? किती क्यूट! मासे?"

"मासोळ्या."

"हो, मासोळ्या म्हणजे मासेच ना?"

"न्हाई. मासोळ्या म्हणजे या. बोटात घालायच्या. पायाच्या. आजीनं तुला या दिल्या. घाटावरचे मासे न्हाईत."

 रईसभाईनं मान उंचावून बघितलं आणि हळू म्हणाला, "अरे, बिछिया है. मछली वाली. मेरी माँ के पास थी." मग तो चहा आणायला म्हणून उठून गेला. शहाणा माणूस.

"म्हणजे माझं सगळं चूक आहे?" ऋतुजा म्हणाली. "कार्ड छापलंय, आबा. मॅमना पूर्ण स्टोरी सांगितलीय. यार, मी पायाची रिंग ताटात ठेवली?"

"तू मासे केलेस. मासे चांगले झालेत. चूक माझी आहे." मग स्मशानातलं आणि नंतरचं, सगळं सांगितलं. सांगायला आगपेटीची एक काडी जळावी एवढाच वेळ लागला. सात महिने उगाच लागले.

मला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. तिनं फडक्याची दोन टोकं धरून मासोळ्या माझ्याकडं सरकवल्या. "आईला सांगितलं?"

"न्हाई."

"मग मी नाही घेणार. आधी आईला सांगा."

"तू घे, मग मी सांगतो."

"नाही, आबा. आधी आई."

हट्टात ती पुरती आजीवर गेलीय.

मंगलचं स्वयंपाकघर

त्याच संध्याकाळी सांगितलं. मंगल मटार सोलत होती. मला फिरवून बोलता येत नाही. म्हणालो, "मंगल, तुझ्या आईच्या मासोळ्या तिच्याबरोबर गेल्या नाहीत. मी काढल्या, स्मशानात. माझ्याकडं आहेत."

तिचे हात थांबले.  मग विचारलं ते असं, "निघाल्या कशा? तिचे पाय सुजले होते."

खोटं परत बोलायचं नव्हतं. "तूप लावलं. चितेसाठी आणलं होतं, त्यातलं."

मंगल उठली. "काढायच्या त्या बाई विधवा झाल्यावर काढतात, आबा. तुम्ही तिला..."  मटारांची परात तशीच राहिली. मी म्हणालो, या घे. ती म्हणाली, "तुमच्याकडंच ठेवा. तुम्हालाच हव्या होत्या ना," आणि आतल्या खोलीत गेली. ऋतुजाचं, फोनचं, मला सांगताच आलं नाही. आणि खरं सांगू? तो माझा बचाव झाला असता, म्हणून जीभ रेटलीही नाही. हौसानं दिल्या हे खरं, पण लपवल्या मी.

दुसरा दिवसभर तिनं मला जेवायला वाढलं, चहा दिला. बोलली नाही. जावई मध्येच म्हणाले, "मामा, मोठा आवाज असला तर बरं असतं. हा गोळीबार बिनआवाजाचा आहे."

उरलेले मटार मी सोलून ठेवले. ते भाजीत पडले एवढंच.

प्रदर्शन

प्रदर्शनाला मी जावयांबरोबर गेलो. मंगल येते की नाही ते कुणी विचारलं नाही.

मोठ्या दालनात टेबलं मांडली होती, वर पिवळे दिवे. पोरांचे आईबाप दोरीच्या अलीकडं, परीक्षा घेणारे पलीकडं. परीक्षकांत कॉलेजच्या मॅडम आणि गुडगावच्या कुठल्या हॉटेलसाठी भांडी घेणारे एक साहेब. सगळ्यांच्या टेबलावर छापील कार्डं, ऋतुजाच्या कार्डावर छापलेल्या ओळीवर पेनानं काट मारून खाली हातानं लिहिलेलं.  एवढ्या वर्षांची मेहनत, आणि कार्डावर खाडाखोड.

मॅडमनीही तेच विचारलं. "ऋतुजा, ये क्या है? करेक्शन?"

"यस मॅम. मासोळी का मतलब मैंने ग़लत समझा था." पोरगी थांबली नाही. "मासोळी पैर की अंगूठी होती है. मेरी नानी ने हॉस्पिटल से फ़ोन पर कहा, मेरी मासोळ्या तुम्हारी. वो अपनी अंगूठियाँ दे रही थीं. मुझे लगा मछलियाँ. मैं दिल्ली में बड़ी हुई हूँ, मुझे वो शब्द आता ही नहीं था. ये पूरा सेट एक ग़लतफ़हमी है, मॅम. पर मेरी अपनी है."

मॅडमनी कार्ड उचलून वाचलं. मग म्हणाल्या, "ओरिजिनल हैं? यहाँ प्लेट पर रखो. बहुत स्ट्रॉन्ग लगेगा."

ऋतुजानं माझ्याकडं बघितलं. मी खिशाकडं हात नेला. काढून दिल्याही असत्या. पोरीच्या पास-नापासचा प्रश्न होता.

"नहीं मॅम," ती म्हणाली. "पैर का है. थाली में नहीं रखते."

हॉटेलच्या साहेबांनी एक मासा उचलला, फिरवून बघितला. त्यांना काय त्याचं, पायाचं की डोक्याचं. त्यांना त्या हातरुमालाच्या कड्या हव्या होत्या, नव्या हॉटेलसाठी. ऋतुजानं दोरीच्या अलीकडं येऊन मला हळूच विचारलं, "आबा, करू का? की पाप लागेल?"

"कर की. तू केलेस ते मासे आहेत. मासा ताटातच असतो."

मागनं कुणीतरी म्हणालं, "आई शुद्धीत होती तर."

मंगल होती. कधी आली, किती ऐकलं, ठाऊक नाही. मी म्हणालो, "पुरती शुद्धीत होती. मी शेजारीच होतो."

"सात महिने मी समजत होते, आई बरळत गेली."

 लेकीपासनं मी फक्त मासोळ्याच लपवल्या, असं मला वाटत होतं. आईचं शेवटचं शहाणं वाक्यही लपवलं होतं, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

ती बाहेर गेली. मी मागनं गेलो. कॉलेजच्या पायऱ्यांवर ती बसली, चपला काढल्या, पाय पुढं केला. "घाला," म्हणाली.

"ऋतुजाच्या आहेत."

"तिचं लग्न होईल तेव्हा होईल. तोवर पायात राहतील, खिशात नाही. घाला."

जातायेता लोक बघत होते. बघू देत. कारागिरानं बाईच्या पायाला हात लावण्यात लाज नसते, आणि बापानं लेकीच्या तर नाहीच. वाकड्या शेपटाची डाव्या पायात घातली, दुसरी उजव्या. दोन्ही सैल झाल्या. हौसाचे पाय रुंद होते, जन्म अनवाणी गेलेला. मंगलची बोटं निमुळती. मी ऋतुजाला हाक मारली, रईसभाईकडनं पक्कड आण म्हणून. कडी मागून उघडी असते, थोडी दाबली की बसते.

मंगलनं पाय मागं घेतला. "राहू द्या. ते आईचं माप आहे."

"पडतील."

"नाही पडत."

ती उठली आणि बोटं आखडून, सावकाश, पायऱ्या उतरायला लागली. पाचव्या पायरीवर मागं न बघता म्हणाली, "चला, आबा. घरी भाजी करायचीय." दोन दिवसांनी ती माझ्याशी एवढं बोलली.

ऋतुजा पास झाली. मी चार दिवसांनी निघालो. बंडीचा खिसा रिकामा होता आणि गाडीत मला थंडी वाजली, हेही लिहून ठेवतो.

आपल्या गल्लीतल्या ज्या बायकांनी हौसाला न्हाऊ घातलं, त्यांना मी सांगितलं होतं की मासोळ्या तिच्याबरोबर गेल्या. गेल्या नव्हत्या. आता दिल्लीला आहेत, मंगलच्या पायात. तुम्ही तिला भरल्या पायानं पाठवलंत, मी वाटेत मोडता घातला. याबद्दल कुणाला काही बोलायचं असेल तर मी घरीच असतो. पाचनंतर या, त्याआधी झोपलेला असतो.